गंज दिसण्याआधी

प्रिय पोरी,

गंजरोधनाच्या कोर्समध्ये मार्केटिंगचा पेपर कशाला, असं तू विचारलंस. तुझं मन वर्कशॉपमध्ये रमतं, हे मला ठाऊक आहे. पण कोकण किनाऱ्यावर पोट भरायचं असेल, तर हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. आपल्या कामातला सगळ्यात कष्टाचा आणि महागडा भाग रंगाखाली झाकला जातो, आणि गिऱ्हाईक दिसतो त्या रंगाचेच पैसे मोजतं.

समुद्रालगतचा एखादा लोखंडी जिना घे. आधी गोड्या पाण्यानं धुऊन मीठ घालवायचं, मग ब्लास्टिंग करून, म्हणजे हवेच्या जोरानं खरखरीत कण मारून, पत्रा एसए २.५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ उघड्या धातूइतका, स्वच्छ करायचा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन बसते) निदान ३ अंश सेल्सिअसनं जास्त आहे ना, हे मोजल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. कडांवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून कडा, वेल्डिंग, बोल्ट यांना आधी ब्रशनं एक जादा हात. दुसरा कुणी गंजावरच रेड ऑक्साइडचा लाल प्रायमर फासून वर चकचकीत रंग मारतो. पंधरा दिवसांनी दोन्ही जिने सारखेच दिसतात! दोन पावसाळ्यांनी सारखे दिसत नाहीत, पण तोवर काम त्याला मिळून गेलेलं असतं.

म्हणून झाकलं जाणारं काम झाकण्याआधी दाखव. ब्लास्टिंग झालं की मालकाला बोलावून घे, फोटो काढ. रंग वाळला की डीएफटी मीटर, म्हणजे वाळलेल्या रंगाची जाडी मोजणारं यंत्र, त्याच्याच हातात दे आणि मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) आकडे त्याच्यासमोर लिहून काढ. तो कागद बिलाला जोड. शेजारचा हॉटेलवाला तोच कागद मागून बघेल. माझ्या मते याहून चांगली जाहिरात या धंद्यात नाही.

कोटेशनमध्ये नुसता चौरस फुटाचा दर लिहू नकोस. समज, दुसऱ्याचं काम ४०,००० रुपयांत होतं आणि २ वर्षं टिकतं; तुझं ७०,००० रुपयांत होतं आणि ७ वर्षं टिकतं. म्हणजे वर्षाला त्याचे २०,००० आणि तुझे १०,०००. हा हिशोब गिऱ्हाइकासमोर मांड. मात्र ७ वर्षं कोणत्या अटीवर, तेही लिही: दर वर्षी पाहणी आणि उडालेल्या जागी टचअप. खाऱ्या हवेत उघडं पोलाद किती झिजतं, हेही सांगत जा. हवा किती गंजवते याचे वर्ग ठरवणाऱ्या आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या सी५ या फार गंजवणाऱ्या वर्गात पहिल्याच वर्षी ८० ते २०० मायक्रॉन जातात. आणि पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, तेव्हा काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. ही गोष्ट भीती घालण्यासाठी सांगू नकोस. न दिसणारा गंज काय करतो, ते समजावण्यासाठी सांग.

वेळही साधावी लागते. रिसॉर्टवाल्यांना गणपतीनंतर गाठ. पावसानं गंज उघडा पाडलेला असतो आणि दिवाळीची गर्दी तोंडावर असते. बोटवाल्यांना मात्र एप्रिलमध्येच भेट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी ओढून ठेवलेल्या. पण तेव्हाच हवा दमट, म्हणून ताडपत्रीचा आडोसा आणि वाळायला लागणारा वेळ आधीच ठरवून घ्यावा लागतो. त्यांच्याकडे गेलीस की बोटीच्या पंख्याजवळची झिंकची (जस्ताची) प्लेट बघ. तिच्यावर कुणी रंग मारला असेल, तर ती निकामी झाली. पंखा आणि शाफ्ट वाचवायचे तर झिंकनं स्वतः झिजायला हवं, आणि त्यासाठी ते उघडंच राहायला हवं. हे फुकट सांग. असं सांगणाऱ्या माणसाला बोटवाले पुढच्या हंगामात शोधत येतात.

एक काम मात्र कितीही पैसे मिळाले तरी नाकार: कोरड्या वाळूनं ब्लास्टिंग. त्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती कायमची. वाळूऐवजी कॉपर स्लॅग (तांब्याच्या भट्टीतली मळी) किंवा गार्नेट या खनिजाचे कण वापरायचे, आणि तेही हवेची नळी जोडलेलं हेल्मेट घालून. ते भाड्यानं मिळत नसेल, तर त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून लिही.

परीक्षेनंतर पहिलं कोटेशन लिहिलंस की गिऱ्हाइकाला देण्याआधी मला पाठव. आकडे आपण दोघं मिळून तपासू.

तुझा,
काका