पुण्यात ऑफिससाठी कपडे कुठून घ्यावेत: मॉल, एफसी रोड की तुळशीबाग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नवी नोकरी, रोज कोथरूड ते बाणेर गाडीवरून, हाताशी ८,००० रुपये, आणि मागच्या खेपेला घेतलेले दोन्ही कुर्ते तिसऱ्या धुण्यापर्यंत दोन-दोन इंच आखूड झालेले. आता मॉलमध्ये जावं की एफसी रोडला, एवढंच विचारलंय तुम्ही.

माझं मत विचाराल तर दुकान सगळ्यात शेवटी ठरवा. तुमचे कुर्ते दुकानामुळे आखूड झालेले नाहीत, कापडामुळे झालेत, आणि वर्णनावरून ते रेयॉन असणार. तेच कापड मॉलमध्ये बाराशेला मिळतं, डेक्कनला चारशेला मिळतं, आणि दोन्हीकडचं आटतं. बाजारात रेयॉन म्हणून मिळतं ते बहुतेक व्हिस्कोसच. ‘लिव्हा’चा टॅग लावलेला कुर्ता म्हणजेही बहुधा बिर्लांच्या व्हिस्कोसचाच. कापड वाईट नाही बरं का. अंगाला थंड, पडतं छान, रंग खुलतो. पण ओलं झालं की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते आणि विणताना ताणलेले धागे पाण्यात सैल होऊन मूळ जागी जातात. ४४ इंची कुर्ता ५ टक्के आटला की सव्वादोन इंच गेले. तुमचं नेमकं हेच झालंय.

म्हणून रेयॉन घेताना दोन इंच लांब घ्या आणि घालायच्या आधी एकदा साध्या गार पाण्यात अर्धा तास भिजवा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत वाळत घाला आणि किंचित दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा. उंची कमी करायची असेल तर या भिजवण्यानंतरच शिंप्याकडे द्या, आधी दिलीत तर दुसऱ्यांदा आखूड होईल. अस्तर असलेला रेयॉनचा ड्रेस मात्र मी घेऊच नका म्हणेन. अस्तर सुती, वरचं रेयॉन, दोघांचं आटणं वेगळं. चार धुण्यांत खालचा घेर फुगतो नाहीतर अस्तर खालून डोकावायला लागतं, आणि त्यावर इलाज नाही.

आता दुकानात काय बघायचं ते. कपडा आवडला की सगळ्यात आधी उलटा करा. बायका गळ्याची नक्षी बघतात, मी काखेची शिवण बघते. बाजूच्या शिवणीवर एक इंच धरा आणि टाके मोजा. दहा-बारा असले तर ठीक, सात-आठ असले तर त्या कारखान्यात वेळ वाचवलाय. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणा. मधून शिडीसारखे धागे दिसायला लागले तर तो कपडा गाडीच्या हँडलकडे हात नेला की मुंढ्यात उसवणार. आत शिलाईच्या पलीकडे किती कापड सोडलंय तेही बघा. ब्रँडच्या दुकानांत ओव्हरलॉक केलेलं जेमतेम एक सेंटिमीटर असतं, म्हणजे कपडा घट्ट करता येतो, सैल नाही. लक्ष्मी रोडच्या जुन्या दुकानांतल्या कुर्त्यांना पुष्कळदा इंचभर माया सोडलेली असते. वजन कमी-जास्त होत असेल तर ती माया म्हणजे अर्धी किंमत वसूल.

टी-शर्ट किंवा होजियरीचा टॉप असेल तर दोन्ही खांद्यांना धरून समोर लोंबकळू द्या. बाजूची शिवण काखेतून सरळ खाली यायला हवी. ती खाली येता येता पुढे सरकली असेल तर कापड विणतानाच पिळलेलं आहे किंवा बेतताना तिरकं ठेवलंय. धुतल्यावर ती शिवण बेंबीपर्यंत येते. इस्त्रीने सरळ करता येईल असं सांगणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका, पुढच्या धुण्याला परत तेच.

चौकडीच्या शर्टात बाजूच्या शिवणीला रेघा जुळतात का पाहा. जुळवायला कापड जास्त लागतं, त्यामुळे जिथे जुळल्यात तिथे बाकीची कंजुषीही कमी असते. हा माझा सगळ्यात झटपट निकष आहे आणि तो फारसा चुकत नाही.

रंगासाठी पांढरा रुमाल थोडा ओला करा आणि कपड्याच्या आतल्या बाजूला, दुमडीच्या जागी, दहा वेळा घासा. काळा, नेव्ही, मरून आणि इंडिगो हे चार रंग दगा देणारे. रुमाल किंचित रंगला तर वेगळं धुऊन भागतं, चांगलाच रंगला तर ठेवून द्या. पहिल्या पावसात गाडीची सीट आणि तुमची पांढरी लेगिंग दोन्ही रंगतील. पांढऱ्या कुर्त्यात हात घालून बघा, बोटं वेगवेगळी मोजता आली तर आत स्लिप लागणार, आणि तिचेही दोन-अडीचशे हिशोबात धरा.

जीन्स आणि ट्राउझरमध्ये लेबलवर इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा रबरी धागा, किती आहे ते बघा. १ ते २ टक्के पुरे. ४-५ टक्क्यांच्या पुढे ट्रायल रूममध्ये फार मऊ वाटतं, पण महिन्याभरात गुडघ्याला फुगे येतात. चार इंच कापड पाच इंचांपर्यंत ताणा, दहा मोजा, सोडा. लगेच चार इंचांवर आलं तर घ्या. आणि अशा पँटा कडक उन्हात वाळत घालू नका, उष्णतेने तो रबरी धागाच मरतो.

आता गाडी. पुण्यात कपडे घेताना हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि निम्मे कपडे तिथेच फसतात. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहू नका. स्टुलावर बसा, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा. पाठीत ताण आला तर खांदा अरुंद आहे, आणि खांदा हे एकच माप असं आहे की ते दुरुस्त करण्यापेक्षा नवा शर्ट स्वस्त पडतो. बाही दोन इंच वर सरकते का, शर्टाची छातीवरची दोन बटणं फाकतात का, हे याच वेळी कळतं. कुर्त्याची चीर मांडीच्या मध्यापर्यंत तरी हवी, नाहीतर पाय टेकताना दर सिग्नलला ओढाताण. घेरदार पलाझो आणि लांब अनारकली गाडीवर घालायचीच असेल तर एक हात घेर धरण्यात जाणार. हौसेने घ्या, पण ऑफिसच्या रोजच्या पाचांत ती मोजू नका. लिनन दिसायला सुंदर, पण चांदणी चौकाच्या गर्दीतून पोहोचेपर्यंत मागची बाजू पापडासारखी चुरगळते. ५५-४५ च्या आसपासचं कॉटन-लिनन मिश्रण जरा निभावतं. उलट शंभर टक्के पॉलिएस्टरचा क्रेप चुरगळत नाही, पण एप्रिल-मेच्या दुपारी तो घालून सिग्नलला उभं राहून दाखवा. सीटवर घासून पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या ट्राउझरला मागच्या बाजूने बारीक गोळे येतात, तेव्हा ट्राउझर गडद आणि घट्ट विणीची घ्या.

एवढं समजलं की कुठून काय घ्यायचं ते आपोआप ठरतं.

पँटा आणि जीन्स मॉल किंवा ब्रँडच्या दुकानातूनच. कारण ट्रायल रूम आणि बदलून मिळण्याची सोय, बाकी काही नाही. झुडिओत बहुतेक माल ९९९ रुपयांच्या आत असतो. वेस्टसाइड त्याच ट्रेंट कंपनीचं, म्हणजे टाटांचंच, आणि भाव एक पायरी वर. मॅक्स, पँटलून्स मधल्या पट्ट्यात. झारा आणि एच अँड एमच्या पँटा परदेशी उंचीला बेतलेल्या असतात. तुमची उंची पाच फूट दोनच्या खाली असेल तर पाय तीन-चार इंच कापावे लागतात. सरळ कटात ते चालतं. बूटकट किंवा निमुळत्या पँटेत गुडघ्याची जागाच पोटरीवर आलेली असते, ती नुसती खालून कापून जुळत नाही. अशी पँट सेलमध्ये निम्म्या भावात असली तरी सोडून द्या.

कुर्ते लक्ष्मी रोडला. सुती हवे असतील तर विशेष. आषाढात लग्नकार्यं नसतात म्हणून तिथे सेल लागतात, मॉलमधले मोठे सेल साधारण जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारीत. सेलच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा फक्त एक्सएस आणि थ्रीएक्सएल उरलेलं असतं.

तुळशीबागेत लेगिंग, स्लिप, ओढण्या, स्कार्फ, पिना, म्हणजे ज्याला फिटिंग लागत नाही ते सगळं. गाडी घेऊन जाऊ नका. मेट्रोचं मंडई स्टेशन झाल्यापासून पार्किंगची डोकेदुखी गेली. सकाळी अकराच्या सुमारास जा, पण भवानी व्हायच्या आधी घासाघीस करून काही न घेता निघालात तर बोलणी खायची तयारी ठेवा. सांगितलेल्या भावाच्या साठ टक्क्यांपासून सुरुवात करावी असं माझं मत. तीस टक्के मागणाऱ्या बाईला तिथे कुणी दुसरा माल दाखवत नाही.

एफसी रोड, हाँगकाँग लेन, कॅम्पातली फॅशन स्ट्रीट ही टॉप आणि टी-शर्टची ठिकाणं. तिथे ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून मिळणारा सगळा माल सरप्लस नसतो. पुष्कळसा नापास झालेला असतो, आणि काही नुसता लेबल लावलेला. नापास झाल्याचं कारण शोधा, ते असतंच. बहुतेकदा दोन बाह्यांच्या रंगात पुसटसा फरक असतो, कारण दोन वेगळ्या ताग्यांतून बेतलेलं असतं. ट्यूबलाइटखाली कळत नाही, म्हणून कपडा उजेडात आणून बाही पोटाला लावून बघा. कारण सापडलं आणि ते चालण्यासारखं असलं, तर दीडशे-दोनशेत फार चांगलं कापड हाती लागतं.

तिथे ट्रायल रूम नसते, तेव्हा टेप जवळ ठेवा. स्वतःचं छातीचं माप घेण्यापेक्षा घरातला सगळ्यात छान बसणारा कुर्ता पलंगावर पसरा आणि काखेपासून काखेपर्यंत मोजा. १९ इंच आलं तर तुमचं कुर्त्याचं माप ३८. खांदा, बाही, उंची, पँटेची कंबर आणि आतल्या शिवणीची लांबी, एवढे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. एम-एलवर विश्वास ठेवू नका. कुर्त्यांत एम म्हणजे साधारण ३८ धरतात, पण एकाच दुकानात दोन कंपन्यांच्या एममध्ये इंचाचा फरक सहज निघतो.

आठ हजारांचं मी असं करेन: गडद ट्राउझर दोन, जीन्स एक, मिळून तीन हजार. सुती कुर्ते तीन, एकवीसशेपर्यंत. शर्ट किंवा टॉप तीन, पंधराशे. लेगिंग-स्लिप सहाशे. उरलेले आठशे शिंप्यासाठी, आणि हे आठशे कशातही वळवू नका. पँटेची उंची शंभरच्या आसपास, कंबर दीड-दोनशे. जीन्सची उंची कमी करताना मूळ कड परत जोडून द्या असं स्पष्ट सांगा, नाहीतर साधी दुमड घालून देतात आणि ती लगेच ओळखू येते. पहिल्याच दिवशी सगळे पैसे संपवू नका. पाच कपडे घ्या, महिनाभर वापरा, मग कळेल काय कमी आहे.

धुण्याबद्दल एकच. बाणेर-हिंजवडीकडच्या ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, तिथे सुती कपडे कडक होतात आणि रंग लवकर मळकट दिसतो. त्याचा दोष कपड्याला देऊ नका. तुम्ही कोथरूडला आहात, तुम्हाला बहुधा हा त्रास नाही.

बिलाचं मात्र नीट बघा. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. सूट दिल्यावर त्या रकमेवर वरून जीएसटी लावला असेल तर तिथेच विचारा, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ही पद्धत अनुचित ठरवली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे, तुमच्या बजेटात सगळं पाचातच बसतं. ‘बदलून मिळणार नाही’ असा शिक्का असला तरी सदोष माल परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. हे उसवलेल्या, डाग पडलेल्या कपड्यासाठी. रंग आवडला नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार बांधील नाही, तिथे दुकानाचं धोरणच चालतं, म्हणून पैसे देण्याआधी विचारा. सदोष कपडा परत घेत नसतील तर १९१५ वर फोन करा. आणि बिलाचा फोटो दुकानाच्या दारातच काढून ठेवा. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं पर्समध्येच महिन्या-दोन महिन्यांत उडून जातात.