पीसीएसएक्स२ वर गेम अडखळतो, आवाज तुटतो. कोणत्या सेटिंग्ज बदलू?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर पीसीएसएक्स२ या एम्युलेटरवर (संगणकावर प्लेस्टेशन २, म्हणजे पीएस२ ची नक्कल करणारा प्रोग्रॅम) गेम गर्दीच्या प्रसंगात मंदावतो, आवाज तुटक येतो आणि रिझोल्यूशन उतरवूनही फरक पडला नाही. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. रिझोल्यूशनचा भार जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर पडतो. तो हलका करूनही वेग तोच राहिला, म्हणजे घोडं बहुधा सीपीयूपाशी, म्हणजे मुख्य प्रोसेसरपाशी अडलंय.

अंदाजावर थांबू नका, आकडे बघा. सेटिंग्जमध्ये ऑन-स्क्रीन डिस्प्लेचा भाग आहे. तिथे वेगाची टक्केवारी, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), सीपीयू आणि जीपीयूचा वापर या चारही गोष्टी चालू करा आणि गेम जिथे मंदावतो तिथेच जाऊन उभे राहा. वेग १०० टक्क्यांखाली आणि 'ईई' (पीएस२ च्या मुख्य प्रोसेसरची नक्कल करणारा थ्रेड, म्हणजे सीपीयूवर चालणारा कामाचा एक धागा) शंभरीला टेकलेला असेल, तर सीपीयू कमी पडतोय. जीपीयू ९५ च्या पुढे असेल तर ग्राफिक्स जड झालंय. एक गैरसमज इथेच दूर करतो: एफपीएस ३० दिसतोय आणि वेग १०० टक्के आहे, तर बिघाड काहीच नाही. पीएस२ चे कितीतरी गेम मुळातच ३० चे आहेत.

सीपीयू कमी पडत असेल तर आधी चार्जर लावा आणि विंडोजचा पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा. बॅटरीवर लॅपटॉप सीपीयूचा वेग उतरवतो आणि एम्युलेटरला तेच सगळ्यात जास्त बाधतं. पीसीएसएक्स२ चं मुख्य काम मोजक्या दोन-तीन थ्रेडवर चालतं, त्यामुळे आठ कोअर असले तरी एकेका कोअरचा वेगच निर्णायक ठरतो. मग एम्युलेशन सेटिंग्जमध्ये 'मल्टी-थ्रेडेड व्हीयू१' चालू आहे का ते पाहा. पीएस२ मधल्या व्हेक्टर युनिटचं (गणितं करणाऱ्या भागाचं) काम त्यामुळे वेगळ्या थ्रेडवर जातं आणि बहुतेक गेमना फायदा होतो. मोजक्या गेमना ते मानवत नाही. गेम गोठला तर बंद करा.

यानंतरही भागलं नाही तरच 'ईई सायकल रेट'ला हात लावा, आणि तोही एका वेळी एकच पायरी: १०० वरून ७५. यात नेमकं काय होतं ते समजून घ्या. पीएस२ चा प्रोसेसर सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा; हा आकडा उतरवला की गेमला तो आणखी हळू भासतो. लॅपटॉपवरचा ताण कमी होतो, वेगाची टक्केवारी १०० दिसू लागते, पण गेम स्वतःच फ्रेम गाळायला लागतो. आकडा सुंदर आणि हालचाल खडबडीत, अशी गत होते. 'सायकल स्किपिंग' तर शेवटचा उपाय समजा, त्याने कित्येक गेम बिघडतात.

जीपीयू कमी पडत असेल तर मात्र रिझोल्यूशन खरंच कामाला येतं. मूळ रिझोल्यूशनच्या ३ पट म्हणजे पिक्सेल ९ पट, २ पट म्हणजे ४ पट. ही एक पायरी उतरली की भार निम्म्याहून कमी होतो. 'ब्लेंडिंग अ‍ॅक्युरसी' (पारदर्शक थर एकमेकांत मिसळण्याची अचूकता) बेसिकवर ठेवा. ती वरच्या पातळीवर नेली की धूर, धुकं, सावल्या असलेल्या ठिकाणी वेग बऱ्याचदा कोसळतो. लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू असतील तर एम्युलेटर भलत्याच जीपीयूवर तर चालत नाही ना, हे जरूर तपासा. रेंडरर (चित्र काढण्याची पद्धत) व्हल्कन आणि डायरेक्ट३डी दोन्ही वापरून बघा. कोणता चांगला चालेल ते तुमच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे.

आवाजाची सेटिंग्ज सध्या तशीच राहू द्या. वेग १०० च्या खाली गेला की आवाजाचे नमुने वेळेत तयार होत नाहीत, म्हणून तो तुटतो. वेग सुधारला की तोही सुधारेल. वेग स्थिर १०० असूनही तडतड येत असेल तेव्हाच बफर वाढवा.

दोन दुखणी वरवर अशीच दिसतात, पण वेगळी आहेत. नवा इफेक्ट पहिल्यांदा पडद्यावर आला की एकच झटका बसतो आणि दुसऱ्यांदा बसत नाही, तर तो शेडर (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) तयार होण्याचा वेळ आहे. खेळत राहिलात की आपोआप कमी होतो. वेग अगदी १०० आहे, तरी कॅमेरा फिरवताना सतत बारीक हिसके जाणवतात, तर गेमची डिस्क पाल आवृत्तीची आहे का बघा. पाल म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर पाचातली एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि डोळ्याला ते खुपतं. पडदा ५० किंवा १०० हर्ट्झवर जात असेल तर तो तसा लावा, नाहीतर एनटीएससी (सुमारे ६० हर्ट्झची) आवृत्ती वापरा.

हे सगळे बदल मुख्य सेटिंग्जमध्ये करू नका. यादीतल्या गेमवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि तिथे करा, एका वेळी एकच. एका गेमला लागू पडलेला सायकल रेट दुसऱ्या गेमला विनाकारण अडखळवतो.