संवादकौशल्य वाढवायचं तर सुरुवात बोलण्यापासून नको, ऐकण्यापासून करा

तुम्ही लिहिलंय की काम उत्तम जमतं, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, सहकाऱ्यांशी सूर जुळत नाहीत, घरीही छोट्या गोष्टींवरून खटके उडतात. मग एखादा कोर्स लावावा का? कोर्सचं शेवटी सांगतो.

मी बरीच वर्षं टीम सांभाळतोय. अडचण आली की लोक ज्याच्याकडे जातात तो माणूस बहुतेकदा बडबड्या नसतो. त्याच्यापुढे बोलताना आपलं म्हणणं पुरतं ऐकलं जाईल, याची लोकांना खात्री असते. त्यामुळे मितभाषी असणं ही कमतरता आहे, हे आधी मनातून काढून टाका.

ऐकणं म्हणजे काय, ते एका प्रसंगातून सांगतो. सहकारी म्हणतो, "शुक्रवारपर्यंत हे होईल असं वाटत नाही." आपण पटकन म्हणतो, "होईल रे, टेन्शन नको घेऊ," किंवा "का नाही होणार? मागच्या वेळी झालं होतं की!" धीर दिला काय किंवा जाब विचारला काय, त्याचं बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी "कुठे अडतंय?" एवढंच विचारा. तो म्हणेल, "आकडे वेळेवर मिळत नाहीत." "कोणाकडून यायचेत?" मग खरी गोष्ट बाहेर येते: "दुसऱ्या टीमला दोनदा मेल केला, उत्तर नाही. परत विचारायला संकोच वाटतो." म्हणजे प्रश्न शुक्रवारचा नव्हताच, आणि तुमच्या एका फोनने तो सुटूही शकतो.

यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण तो समोरच्याच्या उत्तरातून निघालाय, आधीपासून ठरवलेला नव्हता. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, असे पुढचे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला अधिक आवडतात असं दिसलं. फक्त प्रश्नांची सरबत्ती नको, नाहीतर ती उलटतपासणी होते.

दुसरी सवय सांगण्याबद्दलची. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये एक सुंदर प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. काम समजावून सांगताना आपलं अगदी हेच होतं. म्हणून "कळलं ना?" विचारण्यात अर्थ नाही, सगळे "हो" म्हणतात. "माझं काही सांगायचं राहिलं असेल, तू सुरुवात कुठून करशील ते सांग" असं विचारून बघा. कुठे गफलत झालीय ते लगेच दिसतं आणि समोरच्याला कमीपणाही येत नाही.

तक्रार करतानाही माणसाबद्दल बोलू नका, घटनेबद्दल बोला. "तू नेहमीच उशीर करतोस" म्हटलं की समोरचा वेळेवर आलेले दिवस मोजायला लागतो. "सोमवारचा अहवाल बुधवारी आला, त्यामुळे पुढचं काम थांबलं, पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी कळवशील का?" यात वाद घालण्यासारखं फारसं उरत नाही. घरी तर हे जास्तच लागू पडतं, कारण तिथे "नेहमी" आणि "कधीच" हे शब्द फार सैल सुटतात. आणि राग डोक्यात असताना विषय काढूच नका.

मीटिंगमधल्या गप्प बसण्याबद्दल थोडं. अनोळखी लोकांच्या गप्पांनंतर केलेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आपण समोरच्याला जेवढे आवडलो असं वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेले असतो. तुम्हालाही लोक तुमच्या समजापेक्षा बरेच अनुकूल असण्याची शक्यता आहे. सुरुवातीला स्वतंत्र मुद्दा मांडायचं दडपण घेऊ नका. कोणाच्या तरी मुद्द्याला धरून एक वाक्य बोला, पण ते मीटिंगच्या पहिल्या भागातच. जितका उशीर कराल तितकं बोलणं जड जातं.

एखादा माणूस जाणूनबुजून अपमान करत असेल तर मात्र यातलं काही कामाचं नाही. तिथे काय घडलं ते तारखेसह लिहून ठेवा आणि वरिष्ठांपर्यंत न्या.

आता कोर्स. अनेक वर्गांत "संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के" असं ठासून सांगतात. तो आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आलाय. ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यांवरून भावना ओळखण्यापुरते होते. सगळ्या संवादाला तो लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलंय. म्हणून फी भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: जोडीजोडीने बोलण्या-ऐकण्याचा सराव किती वेळ करून घेता, आणि माझं कुठे चुकलं ते मला कोण सांगणार? उत्तरात नुसती भाषणं आणि देहबोलीच्या युक्त्या निघाल्या तर पैसे वाचवा, आणि तोच सराव एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राबरोबर करा.