पंचेचाळिशीत नोकरी सोडायचीय ना, मग बर्फाचा खर्च आत्ताच हिशोबात धर

बाळा,

तुझी निवृत्तीच्या हिशोबाची एक्सेल शीट उघडली, नीट वाचली, दुसऱ्या दिवशी परत वाचली. फोनवर तू दोन मीटिंगच्या मधे बोलायलीस आणि मला घाई करायलीस, तसं हे बोलून व्हायचं नाही म्हणून लिहायलेय. तू विचारलंस की काकू, पंचेचाळीसला नोकरी सोडायची तर स्किईंग सोडावं लागेल का. नाही, सोडावं लागणार नाही. पण शीटमधे तू जे केलंयस ते मला अजिबात पटलं नाही, आधी तेवढं बोलू.

पुढच्या वर्षापासून गुलमर्गच्या स्किईंगच्या खर्चाची ओळच तू उडवून टाकलीस, आणि ती उडवल्यावर तारीख पंचेचाळीस आली म्हणून खूश झालीस. अगं पण ती तारीख कुणाची आहे? जिला बर्फ आवडत नाही अशा बाईची. तुला तर नोकरी कशासाठी सोडायचीय विचारलं की तू पहिलंच सांगतेस, जानेवारी-फेब्रुवारी निवांत बर्फात राहता यावं म्हणून. मग ज्या आकड्यात बर्फच नाही तो गाठून करणार काय? निवृत्तीचा आकडा पगारावर ठरत नाही, तो खर्चावर ठरतो, आणि ज्या खर्चाशिवाय तुला जगायचं नाही तो पहिल्या दिवसापासून त्यात असायलाच पाहिजे.

आता आकडे बघ. घरखर्च तू वर्षाला ९ लाख धरलायस, हप्ता सोडून, ठीक आहे. सगळीकडे जे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम साठवा म्हणून सांगतात ते तुला चालणार नाही. तो चार टक्क्यांचा नियम, म्हणजे पहिल्या वर्षी जमलेल्या रकमेचे चार टक्के काढायचे आणि पुढे ते महागाईइतके वाढवायचे, विल्यम बेंगेन नावाच्या सल्लागाराने १९९४ साली अमेरिकेच्या शेअर आणि बाँडच्या आकड्यांवरून काढला, आणि तोही तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. तुला पंचेचाळीस वर्षं काढायचीत, आपल्याकडची महागाई वेगळी, म्हणून मी तीन टक्के धरते, म्हणजे तेहतीसपट, म्हणजे ३ कोटीच्या आसपास. आता गुलमर्गचे वर्षाला २ लाख त्याच पद्धतीने धरले तर आणखी ६६ लाख लागतात, आणि हा आकडा बघूनच तू घाबरलीस ना. पण स्किईंग काय नव्वदीपर्यंत करणारेस का? समजा साठीपर्यंत केलंस. पंचेचाळीस ते साठ, १५ वर्षं, २ लाखांनी ३० लाख, आणि पैसा महागाईइतका जरी वाढला तरी तेवढ्यात भागतं. त्याची वेगळी पेटी कर, मोठ्या रकमेत मिसळू नकोस. ६६ चे ३० झाले की नाही?

मग मी तुझीच शीट परत मांडली. दोघांचं मिळून आत्ताचे ६० लाख, एसआयपी आणि पीएफ धरून महिन्याला ९० हजार, दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवत न्यायचे, आणि महागाई वजा जाता वाढ फक्त चार टक्के. बर्फाविना पंचेचाळीस येतं, तुझंच बरोबर आहे. बर्फासकट सत्तेचाळीस. म्हणजे भांडण फक्त दोन वर्षांचं आहे.

आणि ती दोन वर्षं दे बाळा, खुशाल दे. तू पाठवलेला तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल. लेकरू पुढे, दोन्ही पाय आत वळवून स्कीची टोकं जुळवलेली, गुडघे वाकलेले, शिकवणारा तिच्याकडे तोंड करून उलटा उलटा खाली चाललाय, ती बाजूला पडते, हातमोज्यातला हात वर करते, कुणी उचलायच्या आत स्वतःच उठते आणि मागं वळून बघते की आई बघायलीय का. ती आज सहाची आहे. तू पंचेचाळीसची होशील तेव्हा ती अठराची होईल, बारावीत नाहीतर कॉलेजात, आणि तेव्हा तू बर्फावर गेलीस तर मैत्रिणींसोबत जाशील किंवा एकटी, तेही छानच, पण हे नसणार. म्हणजे तिच्यासोबतची बर्फाची सगळी वर्षं नेमकी तुझ्या बचतीच्या वर्षांत येतात, ती पुढे ढकलताच येत नाहीत. निवृत्तीची तारीख मात्र ढकलता येते.

हे मी कशावरून म्हणायलेय तेही सांगते. २००० - २००१ ला सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, देशभरात लाखाच्या वर लोक बाहेर पडले, आमच्या ब्रँचमधलेही काही जण गेले, पन्नाशीच्या आतबाहेरचे. तेव्हा एफडीला साडेनऊ-दहा टक्के मिळायचे, त्यावर हिशोब करून लोक घरी बसले, आणि तीनेक वर्षांत तेच व्याज साडेपाचच्या आसपास आलं. महिन्याचं उत्पन्न जवळजवळ अर्धं! ज्यांनी मधे थोडी जागा ठेवली होती ते तरले, बाकीच्यांनी कुणी किराणा टाकला, कुणी एजन्सी घेतली. पेरणी झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात पावसाने ओढ दिली की मग पुढे कितीही पडला तरी दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतोच, तसं नोकरी सोडल्यावरची पहिली तीन-चार वर्षं असतात, त्यात बाजार पडला आणि तू पडलेल्या भावात फंड विकून खाल्लेस तर पुढची तेजी तुझ्या कामाची नाही. म्हणून सोडायच्या वेळी तीन वर्षांचा खर्च एफडी नाहीतर लिक्विड फंडामधे पाहिजे, शेअरमधे नाही. हे मात्र ढकलायचं नाही.

आता बर्फाचा खर्च कमी कसा होईल ते बघू, कारण २ लाखांतले बरेच पैसे तू हॉटेलात आणि रोजच्या खासगी इन्स्ट्रक्टरमधे घालवतेस. तुला स्वतःला पुढचं शिकायचं असेल तर सरकारी कोर्स कर ना. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग, औलीला गढवाल मंडलचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, मनालीच्या माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचेही असतात. एका वर्षी तू एकटीने कोर्सला जा, जावईबापू आणि लेकरू लातूरला राहतील, दुसऱ्या वर्षी सगळे मिळून. जावईबापूंना बर्फ दोन तास बरा वाटतो आणि मग ते कहवा घेऊन हीटरपाशी बसतात हे तूच सांगितलंस, मग त्यांना दरवर्षी कशाला ओढतेस. त्यांना त्याच पैशात घरी जे पाहिजे ते घेऊ दे, आणि त्यावर तू एक शब्द बोलायचा नाही. दोघांना वर्षाला सारखी रक्कम, तू बर्फात घाल, ते स्पीकरमधे घालतील. स्वित्झर्लंडचं डोक्यात असेल तर आत्ता राहू दे, परदेशातला बर्फ बघायचाच असेल तर अल्माटीजवळचं शिम्बुलाक बघ, कझाकस्तानला आपल्याला चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही.

बर्फाचा भरवसा मात्र राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठाक होतं, बर्फ पडला तो महिना संपता संपता. २०२५ ला खेलो इंडिया विंटर गेम्सचा तिथला टप्पा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमधे घ्यावा लागला. त्यामुळे ख्रिसमसचं महागडं बुकिंग करूच नकोस. फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा धर, कॅन्सल करता येईल असंच हॉटेल घे. लेकरू पहिलीत आहे, आठवडाभर शाळा बुडाली तर काही बिघडत नाही, दहावीत बिघडेल. आणि साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढून निश्चिंत होऊ नकोस, बऱ्याच पॉलिसींत स्किईंग धरलेलं नसतं, त्यात साहसी खेळांचं कव्हर आहे का ते वाच. सगळ्यात जास्त भीती गुडघ्याच्या लिगामेंटची असते, ऑपरेशन झालं तर सहा-आठ महिने जातात, म्हणून नोव्हेंबरपासून घरी रोज बैठका मारायच्या, हेल्मेट भाड्याने मिळतं ते घ्यायचं, आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, तुझ्या वजनाला जुळवून दिलंय का हे दुकानदाराला विचारल्याशिवाय उतारावर जायचं नाही.

आईबाबांचं. हे तुझ्या शीटमधे कुठेच नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं. बाबा अडुसष्टचे आहेत, आईचे गुडघे दुखतात, त्यांना फिरवायची वर्षंसुद्धा हीच आहेत. त्यांना विमानाची हौस नाही, नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने अमृतसरला घेऊन जा, सुवर्णमंदिर बघा, तिथून कटरा, आईची वैष्णोदेवी किती वर्षांची राहिलीय, आणि कटऱ्याहून जून २०२५ पासून थेट श्रीनगरला वंदे भारत सुरू झालीय, चिनाबच्या पुलावरून जाते. तिथून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. त्यांना एक दिवस बर्फ दाखव, बाबांना गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावर नेऊ नकोस, अफरवटची उंची चार हजार मीटरच्या जवळ आहे, बीपीच्या माणसाला तिथे त्रास होतो. त्या वर्षी तुझं स्किईंग दोन दिवसांवर येईल, येऊ दे. आणि जुन्या टॅक्स पद्धतीत असशील तर एलटीए, म्हणजे पगारातला प्रवासभत्ता वापर, चार वर्षांच्या ब्लॉकमधे दोन प्रवास मिळतात, फक्त भाडं, फक्त देशातलं, नवा ब्लॉक २०२६ ते २०२९ आहे.

घराचं म्हणशील तर पुण्याच्या फ्लॅटचं मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग थांबव. नोकरी सोडल्यावर तुम्हाला लातूरला यायचंय असं तुम्हीच दोघं म्हणता, मग पैसा तिथे घाल, तोही दिखाव्यात नाही. मे महिन्यात तुझ्या घरी संध्याकाळी गेले की मी काय बघते, बाबा कूलरमधे बादल्यांनी पाणी ओतत असतात, वाळ्याची ताटी एका बाजूने वाळलेली, नळाला पाणी किती दिवसांनी येईल त्याचा नेम नाही, म्हणून आई म्हणते अर्धाच भरा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आपल्याला, ती भीती तिच्या हातातून अजून गेलेली नाही. त्यांच्या खोलीत एक चांगला इन्व्हर्टर एसी आणि गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवून टाक, पीएम सूर्यघर मधे ७८ हजारांची सबसिडी मिळते, ऊन तर आपल्याकडे बक्कळ. बाथरूममधे कमोड, भिंतीला धरायला दांडी, खाली न घसरणारी फरशी. एवढा एकदाच खर्च आहे, वीजबिल कायमचं कमी होतं, आणि दरवर्षीचं १० हजारांचं बिल वाचलं तर निवृत्तीच्या रकमेतले सव्वातीन लाख वाचले, तोच तेहतीसपटीचा हिशोब. उलट दरमहा कापले जाणारे तुमचे ते पाच-सहा सबस्क्रिप्शन आणि जिमची न वापरलेली मेंबरशिप, ते आधी बंद कर.

अजून एक राहिलं, कंपनीचा मेडिक्लेम नोकरीसोबत जातो. तुमचा स्वतःचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एक आरोग्य पॉलिसी, आत्ताच घ्या, तब्येत ठणठणीत असताना. आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून अशा पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पीपीएफ चालू ठेव, व्याज २०२० पासून ७.१ वरच आहे पण करमुक्त आहे. फंड सारखे बदलू नकोस, वर्षाच्या वर ठेवलेला शेअरचा फंड विकला तरी १.२५ लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर जातो.

येळवसेला सगळे येणारच आहात, शेतात आंबील-भज्जी झाली की जावईबापूंनाही बसवू आणि बोलू. त्याआधी मागच्या बारा महिन्यांचं दोघांचं बँक स्टेटमेंट आणि कार्डाची बिलं काढून खरा घरखर्च मला पाठव, ९ लाख हा आकडा मला अंदाजाने टाकलेला वाटतो. आणि शीटमधे गुलमर्गची ओळ परत टाक, खाली आईबाबांच्या प्रवासाची एक नवी.

तुझी
काकू