खलनायक आणि त्याचे चेले : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मी तीन मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करतेय. खलनायक चेल्यांवर सतत खेकसतो, तरी ते त्याच्यासाठी जिवावर उदार होतात. स्टोरीबोर्ड पाहणारा प्रत्येक जण विचारतो, ‘हे त्याला सोडून का जात नाहीत?’

उत्तर : कारण निष्ठा तुम्ही फक्त चेल्यांच्या बाजूने रंगवलीय. ती आधी मालकाकडून दिसायला हवी. ‘डेस्पिकेबल मी’मधला (२०१०) खलनायक ग्रू भर सभेत केविन या चेल्याला घरच्यांची खुशाली विचारतो आणि त्याच सभेत पगारवाढ मिळणार नाही हेही बजावतो. एकसारख्या दिसणाऱ्या त्या पिवळ्या गर्दीत तो माणसं नावानिशी ओळखतो, म्हणून आपल्याला ते नातं पटतं. तिसऱ्या भागात (२०१७) हे पिवळे चेले, म्हणजे मिनियन्स, त्याला सोडून जातात खरे, पण ओरडा खाऊन नव्हे. ग्रू खलनायकी करायला तयार नाही म्हणून! दोघांना बांधणारं कामच संपलेलं असतं.

तुमच्या पटात पहिल्या तीस सेकंदांतच असा एक शॉट टाका. मालक नकाशात डोकं घालून बसलाय, न बघता हात पुढे करतो, चेला नेमका पाना त्या हातात ठेवतो. किंवा बुटक्या चेल्याचा हात खटक्यापर्यंत पोहोचत नाही. मालक खेकसता खेकसताच पायाने पेटी त्याच्याकडे सरकवतो. एवढं पुरे. इथे मालकाला थांबवून चेल्याकडे प्रेमाने बघायला लावलंत आणि खाली हळवं संगीत घातलंत, की सगळं गुळमट होतं. माया कामाच्या ओघातच दिसू द्या. खेकसणंही दोन-तीन ठिकाणीच ठेवा.

प्रश्न : शेवटी चेला उलटतो, पण ते अचानक वाटतं.

उत्तर : त्याचा नेमका कशावर जीव आहे हे आधी पेरा आणि मालकाला तिथेच घाव घालू द्या. ‘द एम्परर्स न्यू ग्रूव्ह’मध्ये (२०००) खलनायिका इझ्मा तिचा चेला क्रॉन्कच्या हातच्या पालक-पफना नावं ठेवते, तेव्हा त्याचा बांध फुटतो. ‘द लायन किंग’मध्ये (१९९४) खलनायक स्कार सगळं खापर आपल्या चेल्यांवर, म्हणजे तरसांवर फोडतो आणि तरसं ते ऐकतात. चेल्याने हे स्वतःच्या कानांनी ऐकणं महत्त्वाचं. तिसऱ्याने येऊन सांगितलं तर धार जाते.

प्रश्न : सहा चेले एकत्र दचकले की कवायत वाटते. रिग (पात्र हलवायचा डिजिटल सांगाडा) एकच वापरलाय.

उत्तर : रिग एक असायला हरकत नाही, उंची, डोळे आणि घेर बदला. मग सगळ्यांना काळ्या रंगाने भरून चित्र अंगठ्याएवढं करा. दोन आकृत्या सारख्या वाटल्या तर एकीची पोझ बदला.

खरी गोम टायमिंगमध्ये असते. सेकंदाला २४ फ्रेम धरून मालकाच्या सगळ्यात जवळचा चेला आधी हलू द्या, बाकीचे दोन ते चार फ्रेमच्या फरकाने, आणि बेसावध असलेला शेवटचा आठ-दहा फ्रेम उशिरा. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरत असाल तर हा फरक सम आकड्यातच ठेवा, नाहीतर चित्रं एकाआड एक बदलून गर्दी थरथरल्यासारखी दिसते.

नजरही तपासा. मालकाच्या दोन डोळ्यांच्या मध्ये एक लोकेटर (पडद्यावर न दिसणारी खूण) लावून साऱ्यांच्या बुबुळांना तोच रोख द्या. उंची बदलल्यावर जुनाच रोख राहिला, तर सगळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतात आणि मेहनतीने उभं केलेलं नातं तिथेच तुटतं.