'शो मी अ साइन' या कादंबरीतलं खुणांच्या भाषेत बोलणारं बेट खरंच होतं का?

हो, बेट खरं आहे आणि तिथली खुणांची भाषाही खरी होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सजवळचं हे मार्थाज विनयार्ड. गोष्ट घडते १८०५ साली, त्यातल्या चिल्मार्क गावात. केंट परगण्यातून आलेल्या मोजक्या इंग्रज घराण्यांबरोबर आनुवंशिक बहिरेपण इथे आलं आणि आपापसातल्या लग्नांमुळे टिकलं. १९व्या शतकात देशभर साधारण ५,७०० जणांत एक जन्मतः बधिर असे, चिल्मार्कमध्ये २५ जणांत एक! त्यामुळे ऐकू येणारेही लहानपणीच खुणा शिकत. कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीशी हातांनीच बोलत, आसपास कोणी बधिर नसलं तरी. हे मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी बेटावरच्या म्हाताऱ्यांशी बोलून, जुनी कागदपत्रं चाळून १९८५च्या पुस्तकात मांडलंय. कादंबरीच्या लेखिका ॲन क्लेअर लेझॉट स्वतः बधिर आहेत, आणि माझ्या मते ते पानोपानी जाणवतं. गोष्टीतल्या बधिर नायिकेला, मेरीला, तिथे कोणी 'बिच्चारी' म्हणत नाही. बोचतं ते बाहेरून आलेल्या माणसाचं बघणं.

मात्र मेरी लॅम्बर्ट आणि तिचं अपहरण काल्पनिक आहे. 'सगळे खुणा करत' हेही चिल्मार्ककडच्या भागापुरतंच, अख्ख्या बेटाला लागू नाही. आज तिथे गेलात तर ती भाषा मिळणार नाही, त्या परंपरेतली शेवटची बधिर व्यक्ती १९५२मध्ये वारली.