आयसीयूत रुजू होण्याआधी काय वाचू?

प्रश्न : नर्सिंगचं शिक्षण झालं. महिन्याभरात आयसीयूत रुजू व्हायचंय. क्रिटिकल केअरचं जाडजूड पुस्तक आणलं, पण तिसऱ्या प्रकरणापुढे गाडी सरकत नाही. नेमकं काय वाचू? एखादा कोर्स आत्ताच करून टाकू का?

उत्तर : ते पुस्तक सध्या कपाटात राहू दे. सहा महिन्यांनी काढशील तेव्हा भराभर वाचून होईल, कारण तोवर त्यातले पेशंट तू पाहिलेले असतील. मीही बरीच वर्षं आयसीयूत नाइट केल्या आहेत, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समज.

आधी औषधांचा हिशेब पक्का कर. ६० किलोचा पेशंट, नॉरअॅड्रिनलिन (बीपी वाढवणारं औषध) ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, सिरिंजमध्ये ५० मिलीत ४ मिलिग्रॅम. पंपावर किती लावशील? मिनिटाला ६, म्हणजे तासाला ३६० मायक्रोग्रॅम. एका मिलीत ८०. म्हणून तासाला ४.५ मिली. रोज अशी पाच गणितं कागदावर सोडव. आणि या औषधाचा असर काही मिनिटांतच उतरतो, तेव्हा सिरिंज संपत आली की दुसरी भरून तयार हवी. पंप वाजल्यावर धावाधाव केलीस तर तेवढ्यात बीपी कोसळतं.

त्याला लागूनच बीपी. सरासरी दाब, म्हणजे मॅप, कसा काढतात ते बघ : ९०/५० असेल तर साधारण ६३. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा, सहसा निदान ६५ राखायचा असतो. आर्टेरियल लाइनचा (धमनीत घातलेल्या नळीचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा भाग, हृदयाच्या पातळीवर का ठेवतात, तेही समजून घे. माझ्या पहिल्याच आठवड्यात तो स्टँडवरून घसरला होता आणि मी स्क्रीनवरचं छान बीपी बघून खूश! दहा सेंटिमीटर खाली गेला तरी आकडा सात-साडेसातने फुगतो. सिनियर सिस्टरांनी एका हाताने तो वर सरकवला आणि म्हणाल्या, "आता बघ." पुढची पाच मिनिटं माझा घसा कोरडा होता.

व्हेंटिलेटरचे सगळे मोड पाठ करत बसू नकोस. अलार्म शिक. हाय प्रेशर वाजला तर कफ साठला, नळी मुडपली, पेशंट ती चावतोय किंवा छातीत हवा भरली. लो प्रेशर वाजला तर कुठेतरी सुटलंय किंवा गळतंय. दोन्ही वेळी आधी पेशंटकडे बघायचं, मग मशीनकडे. अॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) कुठे आहे ते ड्यूटीच्या सुरुवातीलाच पाहून ठेवायचं.

एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीत) पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६, एवढ्यावर सुरुवातीला भागतं. ईसीजीत नॉर्मल, एएफ, व्हीटी, व्हीएफ (हे तिन्ही हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांचे प्रकार) आणि सरळ रेषा ओळखता आली तरी पुरे. डायलिसिस मशीन, हृदयाला आधार देणारा बलून पंप, हृदय-फुप्फुसांचं काम करणारं एक्मो हे सगळं नंतर.

कोर्सचं म्हणशील तर रुजू होण्याआधी बीएलएस (जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) कर. एसीएलएस (त्याचा पुढचा, औषधांसह टप्पा) तीन-चार महिन्यांनी. आधी केलास तर परीक्षा पास होशील, पण त्यातलं औषध हातात घ्यायची वेळ येईपर्यंत निम्मं विसरलेली असशील.